बातमीतून कापलेली सातवी मागणी आणि १९४६ ची मुंबई

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. आणि आधीच सांगतो, सुरुवात माझ्याच चुकीपासून आहे.

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात आपल्या भागातल्या हमाल-मापाडी मंडळींनी एक निवेदन दिलं. मागण्या सात. पहिल्या सहा आपल्या ओळखीच्या. माथाडी मंडळात नोंदणी करा, हमालीचे दर वाढवा, पोतं पन्नास किलोच्या वर नको, अपघात विमा द्या, यार्डात प्यायच्या पाण्याची सोय करा, म्हातारपणी पेन्शन द्या. सातवी मागणी अशी होती : गाझामध्ये युद्धामुळं अडवून ठेवलेलं धान्य आणि औषधं तिथल्या माणसांपर्यंत पोचावीत म्हणून भारत सरकारनं राजकीय दबाव आणावा.

मी बातमी केली. सहा मागण्या घेतल्या, सातवी कापली. जागा कमी होती हे कारण खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की मला वाटलं, नेकनूरच्या बाजारात पोती उचलणाऱ्यांचा आणि गाझाचा काय संबंध? वाचक हसतील.

दोन दिवसांनी स्टँडवर त्या निवेदनावर सही करणारे एक मामा भेटले. साठी कधीच ओलांडलेले, गळ्यात माळ, बंकटस्वामींच्या सप्ताहाला न चुकता जाणारे. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पत्रकार, मागण्या सात व्हत्या. तुमी सहाच मोजल्या."

मी म्हणालो, "मामा, सातवी काही आपल्या इथली नव्हती."

मामा म्हणाले, "बहात्तरला आमी मिलो खाल्ली, ती तरी कुठं आपल्या रानात पिकली व्हती?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या रात्री मी निवेदनाचा फोटो सातव्या मागणीसकट या पेजवर टाकला. मग ज्या कॉमेंट आल्या त्या तुम्ही वाचल्याच आहेत. काहींनी सातवी मागणी कुणी घुसडली असेल याचे अंदाज बांधले, त्यात धर्मही शोधला. त्यांना उत्तर वर दिलंय, गळ्यातल्या माळेसकट. काही म्हणाले, कामगार संघटनेनं पगाराचं बघावं, राजकारणात पडू नये. आणि सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीनं रानं खरवडून नेली तेव्हा एकानं तीच पोस्ट वर काढून लिहिलं, "इथं पंचनामे होईनात, अन् यांना गाझाची पडलीय."

शेवटची कॉमेंट रागातून आलेली आहे आणि तो राग खरा आहे. माझ्या भावकीतल्याही जमिनी गेल्यात. पण प्रश्न प्रामाणिक असेल तर उत्तरही नीट शोधून द्यायला पाहिजे. म्हणून गेले काही आठवडे जुनं वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

आधी घरातलं. फार मागं जायला नको. मार्च २०२० आठवा. लॉकडाऊन लागला तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, नगर, सोलापूरच्या फडांवर होत्या. काही कर्नाटकात. गाळप संपत आलेलं, गाड्या बंद, जिल्ह्यांच्या सीमा बंद. मला तेव्हा फोन यायचे. कुणी म्हणायचं पीठ संपलंय, कुणी म्हणायचं लेकराला ताप आहे आणि दवाखान्यात जाऊ देत नाहीत. मुकादमाच्या हातात काही नव्हतं. कारखान्याचा शेतकी अधिकारीसुद्धा पोलिसांचा नाका उघडू शकत नव्हता.

मग ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी, पुढाऱ्यांनी, पत्रकारांनी कुणाकडं धाव घेतली? सरकारकडं. कारण रस्ता सरकारनं बंद केला होता, तो सरकारच उघडू शकत होतं. १७ एप्रिल २०२० ला राज्य सरकारनं आदेश काढला आणि लाखाच्या वर ऊसतोड मजुरांना तपासणी करून गावी परतायची परवानगी मिळाली.

तेव्हा कुणी म्हणालं नाही की ऊसतोड संघटनेनं कोयत्याचा दर बघावा, राजकारणात पडू नये. अडलेली भाकरी सोडवायला राजकीय निर्णय लागतो हे आपल्याला २०२० मध्ये चांगलं समजलेलं होतं. युद्धात हेच होतं, फक्त तिथं नाक्यावर पोलिसाच्या जागी रणगाडा उभा असतो.

आता १९४६ ची मुंबई.

नाविकांचं बंड आपण शाळेत चार ओळींत वाचलंय. १८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्याला 'तलवार' नावाचं नौदलाचं सिग्नल शिकवणारं केंद्र होतं. तिथल्या हिंदी नाविकांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याची शिवीगाळ यावरून काम बंद केलं. दोन दिवसांत हे लोण मुंबई, कराचीपासून इतर बंदरांपर्यंत पोचलं. पुढं ७८ जहाजं आणि सुमारे २० हजार नाविक त्यात ओढले गेले असं सांगितलं जातं.

संप समितीनं मागण्यांची यादी केली. बरं जेवण, गोऱ्या नाविकांइतका पगार, अपमान करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई. शिवाय आझाद हिंद सेनेचे कैदी आणि राजकीय कैदी सोडा. आणि याच यादीत एक मागणी होती : इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत बोलवा.

मी ही ओळ दोनदा वाचली. जेवणात अळ्या निघतात म्हणून भांडणारी विशी-पंचविशीतली पोरं. वरून गोळ्या सुटायची वेळ आलेली. आणि ती म्हणतात, इंडोनेशियातून सैन्य काढा. मी तेव्हाचा बातमीदार असतो तर हीसुद्धा ओळ कापली असती, जागा कमी म्हणून.

आता तिथं काय चाललं होतं ते बघा. १७ ऑगस्ट १९४५ ला इंडोनेशियानं डचांपासून स्वातंत्र्य जाहीर केलं. जपान हरला होता. जपान्यांची हत्यारं काढून घ्यायला आणि युद्धकैदी सोडवायला इंग्रजांनी फौज पाठवली. फौज इंग्रजांची, पण जवान बहुतेक हिंदुस्थानचे. त्यांच्या आडून डच आपली जुनी वसाहत परत घ्यायला येत होते. सुराबाया शहरात ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४५ मध्ये भीषण लढाई झाली. तिथं मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. म्हणजे मराठी मुलखातली पोरं एका परक्या देशाचं स्वातंत्र्य मोडायच्या कामाला जुंपली होती, आणि मरतही होती. नाविकांना हे माहीत होतं, कारण सैन्य आणि सामान जहाजांनीच जात होतं.

आता २१ फेब्रुवारी. सरकारनं नाविकांना वेढलं. कॅसल बॅरॅक्सच्या भोवती लष्कर उभं केलं, गोळीबार झाला. जहाजांवरच्या आणि बॅरॅकमधल्या नाविकांचा शिधा बंद. उपाशी ठेवून वळणावर आणायचं हे जुनं तंत्र आहे, किल्ल्याला वेढा घालतात तसं.

तेव्हा मुंबईकर काय करतात? गेटवे ऑफ इंडियाजवळ माणसं अन्नाची पुडकी घेऊन जमायला लागली. खानावळवाले, इराणी हॉटेलवाले, फळवाले, आणि ज्यांच्या स्वतःच्या घरात रेशनचं मोजून धान्य होतं अशी माणसंही. बोटी भरून ते अन्न जहाजांकडं गेलं. पहाऱ्यावरच्या हिंदी शिपायांनी ते अडवलं नाही, काहींनी तर बोटीत पुडकी चढवायला हात लावला असं त्या बंडात असलेल्यांनी लिहून ठेवलंय.

मंडळी, हे साल नीट लक्षात घ्या. १९४६ च्या सुरुवातीला देशात धान्याची इतकी टंचाई होती की रेशन माणशी रोज १२ औंसांवर आणलं होतं. म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या आत. त्यातून पुडकी बांधली गेली.

दुसऱ्या दिवशी, २२ फेब्रुवारीला, कम्युनिस्ट पक्ष आणि कामगार संघटनांच्या हाकेवरून गिरणगाव बंद झालं. सुमारे ३ लाख कामगार बाहेर पडले. काँग्रेस आणि मुस्लिम लीग दोघांच्याही वरच्या पुढाऱ्यांना हा संप नको होता. त्यांचं म्हणणं होतं, स्वातंत्र्याच्या वाटाघाटी तोंडावर आल्यात, आता दंगा नको. त्यांच्याही म्हणण्यात काही तथ्य होतं, ते मी नाकारत नाही. पण लष्कर रस्त्यावर उतरलं आणि गोळ्या चालल्या. सरकारी आकड्यानुसार २२८ नागरिक मेले, हजारावर जखमी. परळ महिला संघाच्या कमल दोंदे त्या गोळीबारात गेल्या. २३ तारखेला सरदार पटेलांच्या सल्ल्यानं नाविकांनी माघार घेतली.

गिरणी कामगाराला नाविकाच्या जेवणाशी काय देणंघेणं होतं? त्याचा पगार वाढणार नव्हता. उलट दिवसाची मजुरी गेली आणि काहींचा जीव गेला. कॉमेंटमधलं लॉजिक लावलं तर हा शुद्ध मूर्खपणा. पण आज आपण त्याच दिवसांना स्वातंत्र्याच्या इतिहासात मानानं जागा देतो.

आता गोष्टीचा दुसरा भाग. हा मला आधी अजिबात माहीत नव्हता.

इंडोनेशियासाठी अडून बसलेले नाविक फक्त मुंबईतले नव्हते. सप्टेंबर-ऑक्टोबर १९४५ पासून ऑस्ट्रेलियाच्या ब्रिस्बेन, सिडनी, मेलबर्न बंदरांतल्या गोदी कामगारांनी डच जहाजांवर बहिष्कार टाकला होता. माल चढवायचा नाही, कोळसा भरायचा नाही, दुरुस्ती करायची नाही. डचांनी मग हिंदी खलाशी कामाला लावायचा प्रयत्न केला. त्या काळी गोऱ्यांच्या कितीतरी जहाजांवर हिंदी खलाशी असायचे. कोकणातले, गोव्याचे, बंगालचे, पंजाबचे. पगार सगळ्यात कमी, जागा सगळ्यात खालची. सिडनीत या खलाशांनी जहाजं सोडली, स्वतःची संघटना केली आणि गोऱ्या कामगारांच्या बरोबरीनं मोर्चात चालले. योरिस इवेन्स नावाच्या डच दिग्दर्शकानंच यावर १९४६ मध्ये 'इंडोनेशिया कॉलिंग' ही छोटी फिल्म केली. स्वतःच्या सरकारच्या विरोधात.

इथं एक अडचण आहे, ती लपवत नाही. डच म्हणत होते की आमच्या काही जहाजांत अन्न आणि औषधं आहेत, तुम्ही मदत अडवताय. कामगार म्हणत होते की त्याच जहाजांत बंदुका आहेत. म्हणजे 'मदत' या शब्दाच्या आड काय चाललंय हेही बघावं लागतं. आजही दोन्ही बाजू तेच म्हणतात. एक म्हणते, मदतीच्या ट्रकांतून शस्त्रं जातील, धान्य लुटलं जाईल. दुसरी म्हणते, तपासा हवं तितकं, पण अडवून ठेवू नका. माझ्या मते दुसरं म्हणणं बरोबर आहे. तपासणीला माझी हरकत नाही. पण तपासणीच्या नावाखाली लेकरं उपाशी ठेवायला आहे.

आता खरी गंमत. त्याच १९४६ मध्ये उपाशी कोण होतं? आपण.

एप्रिल १९४६ मध्ये इंडोनेशियाचे पंतप्रधान सुतान शहरीर यांनी हिंदुस्थानला ५ लाख टन तांदूळ देऊ केला. देश जेमतेम आठ महिन्यांचा, घरात युद्ध, आणि म्हणतात आमच्याकडं जावाचा तांदूळ आहे, तुमच्याकडं दुष्काळ आहे, घेऊन जा. बदल्यात कापड आणि शेतीची अवजारं द्या, कारण त्यांच्याकडं अंगावर घालायला कापड नव्हतं. पुढं तसा करार झाला.

पण समुद्रात डचांची नाकेबंदी होती. इंडोनेशियाच्या सरकारला जगानं मान्यता दिलेली नव्हती, म्हणजे तांदूळ कुणाचा हाच वाद. जहाजं मिळेनात, बंदरं लढाईत सापडलेली. ठरल्यापेक्षा फारच कमी तांदूळ आपल्यापर्यंत पोचला. पण पोचला. मुंबईच्या नाविकांनी फेब्रुवारीत ज्या देशासाठी मागणी लिहिली होती, त्या देशानं एप्रिलमध्ये आपल्यासाठी तांदूळ काढून ठेवला. याचा त्याच्याशी थेट संबंध होता असा दावा मी करत नाही. तारखा शेजारीशेजारी ठेवतो, बाकी तुम्ही बघा.

आणि उलट दिशेनं काय झालं तेही बघा. २१ जुलै १९४७ ला डचांनी इंडोनेशियावर मोठा हल्ला केला. औषधांची टंचाई पडली. मलायातल्या रेड क्रॉसनं औषधं दिली आणि २९ जुलैला सिंगापूरहून एक डाकोटा विमान ती घेऊन निघालं. विमानावर हिंदुस्थानी नोंदणीचा नंबर होता, व्हीटी-सीएलए. ते बिजू पटनाईक यांच्याकडचं विमान होतं, हेच बिजूबाबू पुढं ओडिशाचे मुख्यमंत्री झाले. जोगजकार्ताजवळ उतरण्याच्या बेतात असताना डच लढाऊ विमानांनी ते पाडलं. आतली माणसं गेली, एकच वाचला. औषधं जळाली.

त्यानंतर काय झालं हे सातव्या मागणीच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं आहे. गोदी कामगार माल चढवायचं नाकारू शकतो. खलाशी बॉयलर विझवू शकतो. रेड क्रॉस खोकी भरू शकतं. पण आकाशातून पडणारं विमान यातलं कुणीच थांबवू शकत नाही. ते काम सरकारांचं. ३० जुलै १९४७ ला हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलिया या दोन देशांनी हा विषय संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेला. १ ऑगस्टला परिषदेनं लढाई थांबवायला सांगितलं. आपला देश तेव्हा स्वतंत्रही झालेला नव्हता, पंधरा दिवस बाकी होते. इकडं पंजाब जळत होता, लाखो निर्वासित घर सोडत होते. आपलंच बघायचं म्हटलं असतं तर तेव्हासारखं दुसरं कारण नव्हतं.

पुढं डचांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुन्हा हल्ला केला, तेव्हा जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीत आशियाई देशांची परिषद बोलावली. २७ डिसेंबर १९४९ ला डचांनी सत्ता सोडली. आणि ऑस्ट्रेलियाचं सरकार या बाजूला का आलं? तिथल्या मजूर पक्षाच्या सरकारवर गोदी कामगारांच्या संघटनांनी दोन वर्षं जो दबाव ठेवला, त्याचाही त्यात वाटा होता. ही झाली कामगार संघटनांनी मागितलेली राजकीय कृती.

आता याच्या उलटं उदाहरण. १९४३ चा बंगाल. युद्ध चालू होतं. तीस लाखांच्या आसपास माणसं भुकेनं आणि रोगानं मेली. धान्य जगात नव्हतं असं नाही. कॅनडानं गहू देऊ केला होता. सुभाषबाबूंनी रेडिओवरून ब्रह्मदेशातला एक लाख टन तांदूळ देऊ केला होता, त्याला उत्तरच दिलं गेलं नाही. लंडनहून एकच पालुपद, जहाजं नाहीत. कामगार संघटनांनी, विद्यार्थ्यांनी, कलापथकांनी देशभर गाणी म्हणत झोळ्या फिरवल्या, मुंबईतूनही पैसा आणि धान्य गेलं. पण जहाज वळवायचा निर्णय ज्यांच्या हातात होता, त्यांच्यावर मतांचा दबाव टाकू शकेल असं आपल्याकडं तेव्हा कुणी नव्हतं. झोळी होती, वजन नव्हतं.

हे सगळं वाचून मला एवढंच कळलं : अन्न अडवणं हा कुणाचा तरी राजकीय निर्णय असतो. म्हणून ते सोडा असं म्हणणंही राजकीयच असणार. संघटना वर्गणी गोळा करू शकते, ती करावीच. पण नाका उघडायचा असेल तर ज्याच्या हातात नाका आहे त्याच्यावर कुणीतरी दबाव आणावा लागतो, आणि तो आणा असं आपल्या सरकारला सांगावं लागतं. सातव्या मागणीत यापेक्षा जास्त काही नव्हतं.

आता आजचं.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्रायलमध्ये घुसून सुमारे १२०० माणसं मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. ते निर्घृण होतं, त्यात पण-परंतु नाही. पुढं जे युद्ध झालं त्यात कुणाचं किती चुकलं यावर आपण पारावर रात्रभर भांडू. पण २ मार्च २०२५ पासून जवळपास अकरा आठवडे गाझात अन्न, औषध, इंधन काहीच जाऊ दिलं नाही. २२ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांच्या संस्था वापरतात त्या अन्न-मोजणीनं गाझा शहराच्या भागात दुष्काळ जाहीर केला. पाऊस न पडल्यानं आलेला हा दुष्काळ नव्हता. ट्रक सीमेवर भरलेले उभे होते. आपल्या मामांनी निवेदन दिलं ते याच महिन्यात.

आणि ते एकटे नव्हते. आपल्या देशातल्या ११ मोठ्या बंदरांत ज्यांचे सभासद आहेत, त्या वॉटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशननं फेब्रुवारी २०२४ मध्येच जाहीर केलं होतं की इस्रायलला जाणारी शस्त्रं आम्ही चढवणार नाही, उतरवणार नाही. १९४५ ची तीच जुनी भाषा. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस इटलीच्या जेनोवा बंदरातल्या गोदी कामगारांनी गाझाकडं मदत घेऊन निघालेल्या बोटींना साथ दिली आणि बजावलं की या बोटींना काही झालं तर बंदर बंद करू. २२ सप्टेंबरला आणि पुन्हा ३ ऑक्टोबरला तिथं देशव्यापी संप झाला, लाखो लोक रस्त्यावर. बोटींवर ड्रोनचे हल्ले झाल्यावर इटलीच्या उजव्या सरकारलाही आपली युद्धनौका त्या दिशेनं पाठवावी लागली. बोटी पोचल्या नाहीत, इस्रायलनं समुद्रातच ताब्यात घेतल्या. पण सरकारला हलावं लागलं. १० ऑक्टोबरला युद्धबंदी लागू झाली, त्याला कारणं बरीच आहेत. नाकेबंदीवर जगभर उठलेला आवाज हे त्यातलं एक.

आपल्याकडं जुलै २०२५ मध्ये मुंबईत गाझासाठी निदर्शनं करायची परवानगी मागणारा अर्ज हायकोर्टापुढं आला तेव्हा कोर्टानं तो फेटाळला आणि आपल्या देशातल्या कचरा, प्रदूषण, पुराच्या प्रश्नांकडं बघा असं सुनावलं. म्हणजे कॉमेंटवाल्यांना मोठी सोबत आहे. पुढं ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर निदर्शनं झालीच. कोर्टाचा मान ठेवून एवढंच म्हणतो, मामांच्या निवेदनात आपल्या घरचे प्रश्न सहा होते आणि बाहेरचा एक. सहा सोडून एक धरलेला नव्हता. सहा धरून सातवा जोडला होता.

आणि 'आपलं' म्हणजे कुठपर्यंत, हेही आपण नेकनूरकरांनी जरा विचार करून बोलावं. १९४६ मध्ये नेकनूर निजामाच्या राज्यात होतं. मुंबई आपल्यासाठी दुसरं राज्य. मुक्तिसंग्रामात सरहद्दीवर जे कॅम्प उभे राहिले त्यांना सोलापूर, नगर, पुणे, मुंबईच्या माणसांनी पैसा, शिधा, आसरा दिला. त्यांनी म्हटलं असतं, निजामाच्या मुलखाचं आम्हाला काय? सोलापूरचेच डॉक्टर कोटणीस १९३८ मध्ये युद्धातल्या चीनला गेले आणि तिथंच गेले, वयाच्या ३२ व्या वर्षी. सोलापूरला तेव्हा रोगराई नव्हती असं नाही.

मिलोचं मामांनी बरोबर सांगितलं. ती लाल ज्वारी परदेशातून जहाजांनी यायची आणि गोदीत हमालांच्या पाठीवरून उतरायची. तिच्या चवीला सगळे नावं ठेवतात, पण तिनं जीव वाचवले. आणि तीसुद्धा फुकटात सुटलेली नव्हती. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेच्या अध्यक्ष जॉन्सन यांनी आपल्याला गहू महिन्या-महिन्याच्या हप्त्यानं सोडला, लगाम आखडून. त्यांच्या रागाचं एक कारण हे होतं की भारत व्हिएतनामच्या युद्धावर टीका करत होता. जहाज आलं तर चूल पेटणार, अशी अवस्था. ज्या देशानं स्वतः हा लगाम तोंडात धरलाय, त्या देशाच्या हमालाला दुसऱ्याच्या तोंडातला लगाम दिसतो यात नवल काय?

गेल्या आठवड्यात मामा पुन्हा भेटले. त्यांचा धाकटा पोरगा टोळीबरोबर कारखान्याला चाललाय, ट्रॅक्टर मांजरसुंब्याला उभा होता. मी त्यांना हे सगळं थोडक्यात सांगितलं. गेटवेची पुडकी, जावाचा तांदूळ, पडलेलं विमान. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग सहा मागण्यांचं काय झालं?"

काही झालेलं नाही. माथाडी नोंदणी अजून झाली नाही. दर तेच आहेत. यार्डात पाणी नाही. तिथली काही पोती अजून पन्नासच्या वरची आहेत, मी स्वतः काट्यावर बघून आलो. म्हणजे पहिल्या सहा मी छापल्या म्हणून काही मोठा तीर मारलेला नाही.

तेव्हा माझ्याकडून दोन गोष्टी. एक, राहिलेली ओळ आज इथं छापली, उशिरा का होईना. दोन, पहिल्या सहा मागण्यांची बातमी पुन्हा करणार, काट्याच्या फोटोसकट. ज्यांनी "आधी आपलं बघा" असं लिहिलं होतं त्यांनी तेव्हा नक्की शेअर करा. तुमच्याकडूनच जास्त अपेक्षा आहे.

आणि घरात कुणी सत्तरीच्या पुढचं असेल तर त्यांना विचारा, बहात्तरला काय खाल्लं आणि ते कुठून आलं होतं. जे सांगतील ते खाली लिहा. मी सगळं वाचतो.